दर्शन झालं, आता झोपा!

पैठणला दिवसा बघण्यासारखं भरपूर आहे. गावातला नाथांचा राहता वाडा, गोदाकाठचं समाधी मंदिर, नागघाट, तीर्थखांब, पैठणीचे माग, जुन्या वस्तूंचं संग्रहालय आणि जायकवाडीचं धरण. एका दिवसात उरकायचं म्हटलं तर पाय मोडतात. मग ऊन उतरतं, घाटावरची गर्दी पांगते, संभाजीनगरकडे जाणाऱ्या गाड्या भरून निघून जातात. जे मुक्कामाला राहिलेत त्यांच्यापुढे एकच प्रश्न उरतो: आता काय करायचं?

तुम्ही-आम्ही पंचविशी-तिशीतले असलो तर हा प्रश्न पडत नाही. गाडी काढायची, धरणाच्या बाजूला चक्कर मारायची, चहा प्यायचा, नाहीतर खोलीवर लोळून रील्स बघायचे. प्रश्न पडतो तो अडुसष्ट वर्षांच्या आत्याला आणि बहात्तर वर्षांच्या काकांना. त्यांना अंधारात खडबडीत रस्त्यानं चालवत नाही. फोनचा स्क्रीन दहा मिनिटांत डोळ्यांना टोचतो. आणि दुपारी तासभर झोप झालेली असल्यामुळे रात्री अकराशिवाय डोळा लागत नाही. म्हणजे सहा ते अकरा असे पाच तास. या पाच तासांवर आपल्या सगळ्या कुटुंबांकडे एकच उत्तर असतं: ‘दमला असाल, आता आराम करा.’

माझं म्हणणं असं की हे ‘आराम करा’ काळजीतून येत नाही, आपल्या सोयीतून येतं. म्हाताऱ्या माणसाला देव दाखवला, जेवायला घातलं आणि गादी दिली की आपली ड्यूटी संपली, असं आपण धरून चाललोय. मी मूळचा पैठणचा, नोकरीला पुण्यात. नाथांचं गाव म्हणून आमच्याकडे वर्षभर कुणाची ना कुणाची मावशी, आत्या, चुलत आजोबा मुक्कामाला असतात. त्यांची सकाळ आम्ही नीट आखतो. संध्याकाळी त्यांना सोफ्यावर बसवून सीरियल लावून देतो. तीच सीरियल त्यांना स्वतःच्या घरीही दिसते. त्यासाठी एवढा प्रवास कशाला करायचा?

सॉफ्टवेअरमध्ये ‘एज केस’ म्हणून एक शब्द आहे. क्वचित घडणारा, मुख्य डिझाइनमध्ये न बसणारा, म्हणून ‘नंतर बघू’ म्हणून सोडलेला प्रकार. पैठणनं आपल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला एज केस करून टाकलंय. इथे कोण येतं ते एसटी स्टँडवर अर्धा तास उभं राहून बघा. २०२२ पासून एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही आणि पासष्ट ते पंचाहत्तरच्या लोकांना अर्धं तिकीट आहे. २०२३ पासून महिलांनाही अर्धं. २०२४ मध्ये सरकारनं मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आणली, साठीपुढच्यांच्या यात्रेसाठी माणशी तीस हजारांपर्यंत खर्चाची. चांगलंच आहे. पण या सगळ्या योजनांचा हिशोब माणूस देवळाच्या पायरीपर्यंत पोचवण्याचा आहे. दर्शन झाल्यावर तो माणूस शिल्लक राहतो, त्याला हसावंसं वाटतं, चार अनोळखी लोकांत बसावंसं वाटतं, हे कुठल्याच कागदावर नाही.

कुणी म्हणेल, पैठणला संध्याकाळसाठी संत ज्ञानेश्वर उद्यान आहे की. आहे. धरणाच्या पायथ्याशी, म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर केलेलं, रंगीत दिवे आणि संगीतावर नाचणारी कारंजी असलेलं. आमच्या आधीच्या पिढीच्या शाळेच्या सहली तिथेच यायच्या. पुढे त्याची रया गेली, आणि तेव्हापासून नूतनीकरणाच्या घोषणा ऐकत आम्ही मोठे झालो. उद्यान सुधारलं तर मला आनंदच आहे. पण ते सुधारणं हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. एक तर ते अवाढव्य आहे, गुडघ्याची वाटी झिजलेल्या माणसाला तिथे फाटकापासून कारंज्यापर्यंत जाणं हीच एक यात्रा होते. दुसरं म्हणजे कारंज्यात पंप, वायरिंग, नोझल, कंट्रोलर असतात. यातलं एक बिघडलं की सगळं ठप्प, आणि दुरुस्तीची फाइल वर जाऊन खाली येईपर्यंत दोन उन्हाळे जातात. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कारंजं कुठेही बसवता येतं. ते बघायला पैठणलाच का यायचं?

पैठणलाच यावं असं काही संध्याकाळी असेल, तर ते साडेचारशे वर्षांपूर्वीच तयार होऊन पडलंय. भारूड.

शाळेत आपल्याला भारूड म्हणजे पाठ्यपुस्तकातली कविता म्हणून भेटतं. त्यावर संदर्भासहित स्पष्टीकरण लिहायचं आणि पुढच्या धड्याकडे जायचं. पण एकनाथांनी ती कागदावर वाचायला लिहिलीच नव्हती. १५३३ ते १५९९ हा त्यांचा काळ. या काळात त्यांनी तीनशेच्या आसपास भारुडं रचली. त्यात वासुदेव आहे, जोशी आहे, गोंधळी आहे, विंचू आहे, भूत आहे. नवऱ्याला वैतागलेली बायको आहे, सासू आहे. आंधळा, बहिरा, मुका, पांगळाही आहे. हे सगळं सोंग घेऊन, नाचून, समोरच्या माणसांना टोमणे मारत, त्यांना हसवत सादर करायचं. हसून हसून पोट दुखायला लागलं की हळूच कळतं, विंचू म्हणजे आपलाच राग आणि आपलीच हाव. संस्कृत न येणाऱ्या, दिवसभर राबून आलेल्या माणसाला तासभर जागेवर खिळवून ठेवण्यासाठी एका पंडितानं जाणूनबुजून निवडलेला हा फॉर्म आहे. याला संध्याकाळची करमणूक म्हणायचं नाही तर कशाला?

आणि हा प्रकार सत्तरीच्या माणसासाठी बेतल्यासारखा आहे. भाषा ओळखीची. गोष्ट मध्येच सुटली तरी पुढच्या मिनिटाला पकडता येते. ध्रुपद परत परत येतं, त्यामुळे एका कानानं कमी ऐकू येत असलं तरी बिघडत नाही. सासू-सुनेवरचा विनोद समजावून सांगावा लागत नाही. उलट समोरच्या आजी आपला एखादा जोड देतात आणि भारूडकार तो उचलतो.

आज पैठणला सहज आलेल्या पाहुण्यानं भारूड बघायचं ठरवलं तर? फाल्गुनात नाथषष्ठीला या. तेव्हा लाखोंची गर्दी असते, आणि त्या गर्दीत सत्तरीच्या माणसाला नेणं म्हणजे काय ते ज्यानं नेलंय त्यालाच ठाऊक. एरवी कुठल्या गावच्या सप्ताहात रात्री उशिरा रंगलेलं भारूड नशिबानं सापडलं तर सापडलं. नाहीतर सरकारी योजनेच्या प्रचाराला भारूडकार बोलावतात, तिथे विंचवाच्या जागी हुंडा किंवा व्यसन येतं आणि शेवटी योजनेचं नाव. म्हणजे ज्या गावात ही कला घडली, त्या गावात ती कधी, कुठे, किती वाजता बघायला मिळेल याचं साधं उत्तर नाही.

हे उत्तर देणं अवघड नाही, हे दुसऱ्यांनी दाखवलंय. केरळात फोर्ट कोचीला कथकलीची छोटी केंद्रं आहेत. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी, तिकीट लावून, खुर्च्या मांडून खेळ होतो. आधी तासभर कलाकार तुमच्यासमोर रंग चढवत बसतात, तेही बघता येतं. मूळ कथकली रात्रभर चालते. तिथे ती दीड तासात आणली म्हणून कथकली मेली नाही. जाणकारांसाठी रात्रभराची आहेच, पाहुण्यांसाठी दीड तासाची आहे.

लांबचं उदाहरण आयर्लंडचं. तिथे लोकसंगीत पबमध्ये रंगतं, पण बहुतेक वेळा रात्री नवानंतर, दाटीवाटीत, अनेकदा उभ्यानंच. म्हातारे आईवडील घेऊन गेलेल्यांची तिथेही हीच पंचाईत होते, जी आपल्याकडे मध्यरात्रीच्या भारुडात होते. पण तिथे याला पर्याय उभे राहिले. केरी परगण्यातलं ट्रली हे गाव लोकसंख्येनं पैठणपेक्षा लहान. तिथे १९७४ मध्ये एका कॅथलिक पाद्र्याच्या पुढाकारानं ‘शीम्सा टिरे’ ही लोकनाट्याची संस्था सुरू झाली. आज ती आयर्लंडचं राष्ट्रीय लोकनाट्यगृह म्हणून ओळखली जाते. शेतावरचं जगणं, नाच, गाणी, आयरिश भाषा असं सगळं तिथे रंगमंचावर येतं, आणि प्रेक्षक नीट खुर्चीत बसून बघतो. पाद्र्याला जमलं ते आपल्या कीर्तनकारांना, नगरपालिकेला, पर्यटन खात्याला का जमू नये?

यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत.

पहिला: ‘म्हाताऱ्या माणसांना भजन पुरतं.’ हे म्हातारी माणसं म्हणत नाहीत, त्यांची मुलं म्हणतात. साठी झाली म्हणजे माणसाचा विनोद संपतो, नाटकाची आवड संपते, असं कुठे लिहिलंय? याच लोकांनी तरुणपणी रात्र-रात्र जागून तमाशे, वग, संगीत नाटकं बघितली आहेत. करमणुकीच्या बाबतीत ते आपल्यापेक्षा जास्त चोखंदळ आहेत.

दुसरा: ‘नाथांच्या भारुडाला तिकीट लावणार? देवाधर्माचा धंदा?’ पार्किंगला पावती फाडताना, प्रसादाच्या दुकानात, लॉजच्या काउंटरवर हा प्रश्न कुणाला पडत नाही. फक्त कलाकाराच्या हातात पैसे पडायची वेळ आली की धर्म आठवतो. सिल्लोड तालुक्यातले निरंजन भाकरे आपल्याच जिल्ह्यातले नावाजलेले भारूडकार, २०२१ मध्ये करोनानं गेले. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडींनी पुरुषांची समजली जाणारी ही कला बाई म्हणून उभ्या महाराष्ट्रात नेली. अशी माणसं पुन्हा घडायची असतील तर त्यांना वर्षातून चार सुपाऱ्या आणि एक शाल देऊन भागणार नाही. रोजचं काम लागतं. रोज पन्नास माणसांसमोर उभं राहिल्याशिवाय कुठलाच विनोद धारदार होत नाही.

तिसरा, आणि हाच खरा: ‘परवडणार नाही.’ ठीक, हिशोब मांडू. शंभर खुर्च्या, तिकीट शंभर रुपये. निम्म्याच भरल्या असं धरा. पाच हजार जमा. भारूडकार, पखवाज, पेटी आणि तीन टाळकरी-झिलकरी अशी सहा माणसं, प्रत्येकी सहाशे म्हणजे तीन हजार सहाशे. उरलेल्या चौदाशेत वीज, झाडलोट आणि दारावरचा एक माणूस. आकडे माझे आहेत, तुम्ही बदलून बघा. भारूडकाराला जास्त द्या, तिकीट दीडशे करा. सुरुवातीचे काही महिने खुर्च्या रिकाम्या राहतील आणि तेवढा काळ कुणाला तरी पदरचे घालावे लागतील. पण एका मोठ्या कारंज्याला जे लागतं त्याच्यापुढे ही रक्कम किती, हे कळायला इंजिनिअर असण्याची गरज नाही.

मागणी अगदी साधी आहे. नाथ मंदिराच्या आसपास चालत जाता येईल अशी एक छपराची जागा. रोज संध्याकाळी सात वाजता सुरू, सव्वाआठला बंद, म्हणजे जेवण आणि गोळ्यांची वेळ चुकत नाही. रोज म्हणजे रोज, ‘कलाकार उपलब्ध असल्यास’ नाही. कारण पाहुणा एकच रात्र असतो, त्याला ‘उद्या या’ सांगून उपयोग नाही. खुर्च्यांना पाठ आणि हात हवेत, सतरंजीवर बसा म्हणू नये. पायरीऐवजी उतार, उताराला कठडा, दारापासून रस्त्यापर्यंत दिवे. कमोड असलेलं आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह. मला विचाराल तर अर्धं यश या एका ओळीत आहे. साउंड असा की शब्द कळावा, छाती हादरू नये. संपल्यावर भक्तनिवासापर्यंत सोडायला दोन रिक्षा. आणि एसटी स्टँडवर मोठ्या अक्षरांत एक पाटी: आज भारूड, सात वाजता, अमुक ठिकाणी.

यात एकही गोष्ट नवीन तंत्रज्ञानाची नाही. ॲप नको, लेझर शो नको, होलोग्राममधले नाथ तर मुळीच नकोत.

आता तुमच्याशी, कारण हे वाचणारे बहुतेक जण माझ्याच वयाचे आहात आणि आईवडिलांची, आजीआजोबांची बुकिंगं तुम्हीच करता. लॉजला फोन लावताना आपण गरम पाणी आहे का, लिफ्ट आहे का, पार्किंग आहे का विचारतो. त्यात आणखी एक प्रश्न घाला: ‘संध्याकाळी आमच्या माणसांना बघायला काय आहे?’ समोरचा आधी गोंधळेल, मग हसेल. पन्नास जणांनी विचारलं की तो शेजारच्या लॉजवाल्याला सांगेल. दोनशे जणांनी विचारलं की त्याला त्यात धंदा दिसेल, आणि गावातल्या एखाद्या भारूडकाराचा नंबर तो स्वतः शोधून काढेल. सरकार हलेपर्यंत थांबायची गरज नाही. आणि ज्यांचं घरच पैठणला आहे त्यांनी पाहुणे आल्यावर टीव्हीचा रिमोट पुढे करण्याआधी एक फोन करावा. गल्लीतली दहा म्हातारी माणसं, एक भारूडकार, एक अंगण, एवढ्यावरही पहिला खेळ होतो.