विश्लेषण : कोकणातील कातळशिल्पे राखायची तर सडाही का राखावा लागेल?

रत्नागिरी-राजापूरच्या किनाऱ्यालगतचे सडे आजवर निवांत राहिले, म्हणून तेथील कातळशिल्पे टिकली. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आणि पर्यटकांची पावले इकडे वळू लागली. ही शिल्पे राखायची कशी, हा प्रश्न त्यामुळे निकडीचा झाला आहे.

कातळशिल्पे म्हणजे काय?
जांभ्या दगडाच्या सपाट माळाला कोकणात सडा म्हणतात. त्यावर प्राचीन माणसाने प्राणी, मासे, मानवाकृती कोरल्या. कशेळीतील हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. आज कोकणात नसलेला गेंडाही काही ठिकाणी दिसतो. शिल्पे दहा हजार वर्षांहून जुनी असावीत, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे.

यादीत कोणती स्थळे?
रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील एक, अशी नऊ. संभाव्य यादी हा अंतिम दर्जा नव्हे. त्यासाठी संरक्षणाच्या आराखड्यासह सविस्तर प्रस्ताव द्यावा लागतो.

धोका कशाचा?
उघडा सडा अनेकांना पडीक वाटतो. त्यामुळे चिरेखाणी, रस्ते, बांधकामे यांसाठी पहिली नजर तिथेच जाते. बारसू परिसरातील प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाला २०२३ मध्ये विरोध झाला, तेव्हा कातळशिल्पांचाही मुद्दा पुढे आला. बेशिस्त पर्यटनाचाही धोका आहेच: शिल्पावर चढलेली गाडी किंवा रेषांवरून फिरणारे बूट हेही नुकसानच.

फक्त कुंपण पुरेल का?
नाही. पावसाचे पाणी सड्यात मुरते आणि खालच्या वाड्यांच्या विहिरींना मिळते. पावसाळ्यात याच कातळावर दिपकाडीसारखी कोकणापुरती मर्यादित असलेली फुले उमलतात. शिवाय मातीखाली झाकलेली शिल्पे अजूनही सापडत आहेत. कुंपणाबाहेरचा सडा खोदला, तर ती कोणी पाहण्याआधीच जातील.

मार्ग काय?
मंडणगड तालुक्यातील वेळासला २००२ पासून समुद्री कासवांचे संवर्धन सुरू आहे. पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येणारे पर्यटक गावकऱ्यांच्याच घरी उतरतात. कासव राखण्यात गावाचा फायदा दिसला, म्हणून प्रयोग टिकला. मात्र एक फरक आहे. किनारा सार्वजनिक असतो, तर कातळशिल्पांची बरीचशी जमीन खासगी आहे. सडा न विकता, न खणता राखणाऱ्या मालकाच्या हाती काय पडणार, याचे उत्तर संरक्षण आराखड्यात असायला हवे. ते नसेल, तर फलक लागतील, पण सडा उरणार नाही.