दिवंगताचा विजय, वारसाचा पराभव

पश्चिम बंगालसह चार राज्ये व पुदुच्चेरीच्या विधानसभांचे निकाल २ मे २०२१ रोजी जाहीर झाले, त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर-मंगळवेढा पोटनिवडणुकीचीही मतमोजणी झाली. बंगालच्या खडदह मतदारसंघात तृणमूल काँग्रेसचे काजल सिन्हा विजयी ठरले. मात्र विजयाचा गुलाल उधळण्यास ते हयात नव्हते. २२ एप्रिलला मतदान झाले आणि २५ एप्रिलला कोरोनाने त्यांचा मृत्यू झाला. इकडे पंढरपुरात आमदार भारत भालके यांच्या निधनाने रिक्त झालेल्या जागेवर त्यांचे पुत्र भगीरथ भालके यांचा भाजपचे समाधान आवताडे यांनी ३,७३३ मतांनी पराभव केला. एकीकडे दिवंगत उमेदवार जिंकला, तर दुसरीकडे दिवंगताचा वारस हरला.

हा विरोधाभास वरवरचा आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ५२ नुसार मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मतदानापूर्वी मरण पावल्यास मतदान पुढे ढकलले जाते आणि पक्षाला नवा उमेदवार देण्यासाठी सात दिवसांची मुदत मिळते. राजस्थानातील करणपूर येथे २०२३ मध्ये हेच घडले. तेथे काँग्रेसचे दिवंगत उमेदवार गुरमीत सिंग कुन्नर यांचे पुत्र पुढे निवडून आले. अपक्षाच्या मृत्यूने मात्र निवडणूक थांबत नाही. मतदान पार पडल्यानंतर उमेदवार दगावला, तर मिळालेली मते वैध राहतात, मोजणी होते आणि तो जिंकल्यास पोटनिवडणूक घ्यावी लागते. म्हणजेच खडदहच्या मतदाराने मृताला नव्हे, तर हयात उमेदवारालाच मत दिले होते.

मृत्यू ठाऊक असूनही मत देण्याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. मिसुरीचे गव्हर्नर मेल कार्नाहन हे १६ ऑक्टोबर २००० रोजी विमान अपघातात मरण पावले, तरी पुढील महिन्यात ते सिनेटवर निवडून आले. त्या जागी त्यांच्या पत्नीची नेमणूक होणार, याची मतदारांना पूर्वकल्पना होती. म्हणजे तेथेही मत पडले ते प्रतिनिधित्वासाठीच.

महाराष्ट्रात मात्र सहानुभूतीची लाट गृहीत धरण्याची सवय राजकीय पक्षांना जडली आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या निधनानंतर २०१४ मध्ये बीडमधून प्रीतम मुंडे विक्रमी मताधिक्याने लोकसभेवर गेल्या. पंढरपुरात हे गणित चुकले. भारत भालके २००९, २०१४ आणि २०१९ मध्ये सलग तीनदा, तेही प्रत्येक वेळी वेगळ्या पक्षातर्फे निवडून आले होते. त्यांची ताकद पक्षचिन्हापेक्षा व्यक्तिगत संपर्कात होती आणि असा संपर्क सातबाऱ्याप्रमाणे वारसाच्या नावे चढत नाही. शिवाय २०१९ मध्ये भालके यांच्याकडून पराभूत झालेले सुधाकरपंत परिचारक यांचेही ऑगस्ट २०२० मध्ये निधन झाले होते. या वेळी परिचारक गट आवताडे यांच्या पाठीशी उभा राहिला आणि विरोधी मतांची जुनी फूट मिटली. बेरजेच्या राजकारणापुढे सहानुभूती अपुरी पडली.

खरा प्रश्न जय-पराजयापलीकडचा आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याची जनता महासाथीच्या काळात पाच महिने आमदाराविना राहिली. खडदहला तर पोटनिवडणुकीसाठी ऑक्टोबरअखेरपर्यंत वाट पाहावी लागली. टप्प्याटप्प्याने मतदान घेण्याच्या पद्धतीमुळे मतदान व मोजणी यांतील अंतर वाढते. २०२४ मध्ये मुरादाबादचे भाजप उमेदवार कुंवर सर्वेश सिंह मतदानाच्या दुसऱ्या दिवशी निवर्तले आणि निकाल लागला तो दीड महिन्यानंतर. ते पराभूत झाले म्हणून फेरनिवडणूक टळली, इतकेच. मृत्यू कोणाच्या हाती नसतो; परंतु हे अंतर कमी करणे आणि रिक्त जागा कायद्याने दिलेली सहा महिन्यांची मुदत संपेपर्यंत रेंगाळू न देणे निवडणूक आयोगाच्या हाती आहे. पक्षांनीही एक धडा घ्यावा. दिवंगत नेत्याला मतदार श्रद्धांजली जरूर वाहतो. मत देताना मात्र उद्या आपले गाऱ्हाणे कोण ऐकणार, हेच तो पाहतो.