विश्लेषण : रक्तदाबाची गोळी सकाळी की रात्री?

रक्तदाबाची गोळी रात्री घेतली तर हृदयविकाराचा धोका जवळपास निम्मा होतो, असा दावा समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरतो. त्यात तथ्य किती?

रात्री काय होते?
रक्तदाब दिवसभर सारखा नसतो. झोपेत तो साधारण १० ते २० टक्के उतरतो आणि सकाळी जाग येताना पुन्हा चढतो. काहींचा मात्र रात्रीही उतरत नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार किंवा झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास असलेल्यांत हे अधिक आढळते. अशांना हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका जास्त असतो. दवाखान्यात दिवसा मोजलेला आकडा हे दाखवत नाही.

दावा आला कुठून?
स्पेनमधील ‘हायजिया’ चाचणीतून. रात्रीच्या गोळीमुळे धोका ४५ टक्क्यांनी घटला, असे तिने २०१९ मध्ये म्हटले. तिच्या पद्धतीवर अनेक तज्ज्ञांनी शंका घेतली. त्यानंतर ब्रिटनमधील ‘टाइम’ चाचणीत २१,१०४ रुग्णांची पाच वर्षांहून अधिक काळ पाहणी झाली. २०२२ मधील निष्कर्ष असा : हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यासारख्या कारणाने मृत्यू यांचे प्रमाण रात्री गोळी घेणाऱ्यांत ३.४ टक्के, सकाळी घेणाऱ्यांत ३.७ टक्के. म्हणजे ठोस फरक नाही.

मग काय करावे?
रोज न चुकणारी वेळ हीच योग्य वेळ. ती बदलायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. वर सांगितलेले विकार असतील तर दंडाला पट्टा बांधून २४ तास रक्तदाब नोंदवणाऱ्या तपासणीबद्दलही विचारा. रात्रीची सरासरी १२०/७० किंवा त्याहून अधिक असेल, तर दिवसाचा चांगला आकडा पाहून निश्चिंत राहता येणार नाही.