‘साहेबांचे काय मत आहे?’

ऑगस्ट २००९. अमेरिकेच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन काँगोच्या दौऱ्यावर होत्या. राजधानी किन्शासात एका विद्यार्थ्याने चिनी कर्जाबद्दल फ्रेंचमधून प्रश्न विचारला. दुभाष्यामार्फत तो बाईंच्या कानी पडला तो असा : यावर श्री. क्लिंटन यांचे काय मत आहे? बाई भडकल्या. परराष्ट्रमंत्री माझा नवरा नाही, मी आहे, असे त्यांनी सुनावले. विद्यार्थ्याला म्हणे ओबामांचे मत हवे होते! चूक दुभाष्याची की विचारणाऱ्याची, यावर मग भरपूर खल झाला.

दुसऱ्याच दिवशी त्या गोमा शहरात युद्धात बलात्कार सोसलेल्या बायकांना भेटल्या, लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कामासाठी १ कोटी ७० लाख डॉलर जाहीर केले. पण वाहिन्यांवर फिरत राहिला तो बाईंचा राग. अमेरिकेच्या धोरणाबद्दल आपल्याला मुळीच प्रेम नाही. तरी गोमाच्या बायका एका वाक्यापायी मागे पडल्या, ही तक्रार आपलीही आहे.

आपल्याकडे तर दुभाषाही लागत नाही. घोटाळा शब्दातच आहे. ‘प्रेसिडेंट’ या शब्दाला लिंग नाही. आपण त्याचे ‘राष्ट्रपती’ केले. पती म्हणजे स्वामी, आणि घरात नवरा. खुर्चीवर पुरुष होते तोवर हे फारसे कुणाला खटकले नाही. २००७ मध्ये आमच्या शेजारच्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील तिथे बसल्या, आणि बाईला म्हणायचे काय याचा काथ्याकूट सुरू झाला. जुलै २०२२ मध्ये काँग्रेसचे अधीर रंजन चौधरी द्रौपदी मुर्मू यांना ‘राष्ट्रपत्नी’ म्हणाले. आपण बंगाली, हिंदीत जीभ घसरली, असे सांगून त्यांनी माफी मागितली. घसरायला हरकत नाही. पण नेमकी बायकोच्याच दिशेने?

प्रतिभाताईंच्या १२ परदेश दौऱ्यांवर २०५ कोटी खर्च झाल्याचे २०१२ मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आले. त्याचा जाब विचारलाच पाहिजे, बाई म्हणून सूट नको. पण त्या २२ देशांत बोलणी कसली झाली, हे किती जणींना वाचल्याचे आठवते?

आता रोहिणखेडच्या आसपास पाहा. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या. भाषेने त्यांना दिले काय? ‘सरपंचपती’! कायद्यात असे पद नाही, पण बातमीत आहे. पाण्याच्या टाकीबद्दल बातमीदार सरपंच बाईंच्या दारात येतो आणि विचारतो, साहेबांचे काय मत आहे? हा चुकीचा अनुवाद नव्हे. त्याला तेच विचारायचे असते.

मैत्रिणींनो, सरपंच बाईंच्या जागी नवऱ्याची प्रतिक्रिया छापलेली दिसली की ते कात्रण गटाकडे जमा करा. संपादकाला पत्र टाका, पंधरा पैशांचे कार्ड गेले तरी पन्नास पैशांचे आहे. एवढेच विचारा : त्या बाईंना विचारले होते का?