गाणं कुठे दुखतंय ते सांगा

माझ्या दिराचा मुलगा आडुतुरैला घरच्या घरी पंक रॉक रेकॉर्ड करतो. कुंभकोणमहून मयिलाडुतुरैला जाताना लागणारं हे गाव, भात संशोधन केंद्रामुळे शेतकऱ्यांना ठाऊक असलेलं. आमचं सासर तंजावरी मराठी. घरात मराठी, दाराबाहेर तमीळ आणि आता भाताच्या पोत्यांच्या खोलीत ड्रम. पोती खर्जाचा घुमारा छान गिळतात. त्यासाठी पुण्यातल्या स्टुडिओत भिंतीला जाडजूड ग्लासवूल लावावं लागतं. गाणं मेट्टूर धरणावर आहे. भाताच्या कुरुवै हंगामासाठी १२ जूनला पाणी सोडायचा रिवाज, आणि ते वेळेवर आलं नाही की होणारा संताप. सव्वादोन मिनिटांत पोरगा सगळं ओरडून मोकळा होतो.

मिक्स त्याने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. लगेच अंगठ्यांची रांग लागली. ‘भारी’, ‘अभिमान वाटतो’. एका मामांनी गोंगाट कमी करायला सांगितलं, म्हणजे पंकच काढून टाक म्हणाले. आणि गिटार शिकलेल्या एका चुलतभावाने फर्मान काढलं: गिटार तीन किलोहर्ट्झला अडीच डेसिबलने उतरव, आवाजावरचा कॉम्प्रेसर बदल.

नाटकांच्या आणि गाण्यांच्या ध्वनिमुद्रणात माझं आयुष्य गेलं, त्या जोरावर सांगते: यातला शेवटचा अभिप्राय सर्वांत घातक. अंगठ्याने फार तर काही होत नाही. चुलतभावाने मात्र मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर ऐकलं, ज्यात बेस गिटार जवळजवळ उमटतच नाही, आणि तरी औषध लिहून दिलं. ऐकणाऱ्याने दुखणं सांगावं. कुठे, कधी, काय होतं, एवढंच. इलाज ज्याच्यासमोर सगळे ट्रॅक उघडे आहेत तो बघेल.

उपयोगाचा अभिप्राय दिला माझ्या सासूबाईंनी. गोविंदपुरमच्या बोधेंद्र मठातले अभंग ऐकत त्यांचं वय झालं. पंक हा शब्द त्यांनी या नातवामुळेच ऐकला. त्या एवढंच म्हणाल्या, “दुसऱ्या कडव्यात तू पाणी म्हणतोस की राणी?” पोराने फाइल उघडली. दुसऱ्या कडव्यापासून त्याने तीच गिटार पुन्हा वाजवून डावी-उजवीकडे पसरली होती, आणि शब्दांची व्यंजनं जिथे कळतात नेमकी तीच जागा तिने व्यापली होती. त्या कडव्यापुरती गिटार खाली आली, पाणी पुन्हा पाणी झालं. आजींना यातलं काही ठाऊक असायची गरज नव्हती.

आडुतुरैच्या शेजारीच नरसिंगमपेट्टै आहे. तिथे आचा लाकडाची, म्हणजे आपल्या अंजनाची, नागस्वरं घडवतात. २०२२ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. जुन्या आखूड, चढ्या स्वराच्या तिमिरी नागस्वरात शुद्ध मध्यम नीट लागत नसे. तिरुवावडुतुरैच्या टी. एन. राजरत्नम पिल्लै यांना ते खटकत होतं. इथल्या रंगनाथन आचारींनी त्यावर खटपट करून लांब, खालच्या स्वराचं पारी नागस्वर घडवलं, आणि आज मैफलीत तेच वाजतं. कोणता स्वर बोचतो हे वाजवणाऱ्याच्या कानाला कळलं, भोक कुठे पाडायचं हे कारागिराच्या हाताला. माझ्या मते अभिप्रायाची याहून चांगली वाटणी नाही.

पंकमध्ये तर ती जास्तच पाळायला हवी, कारण तिथे ‘चूक’ हीच कधीकधी चाल असते. रामोन्सच्या १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये बेस एका कानात आणि गिटार दुसऱ्या कानात आहे. आमच्या चुलतभावाने ती पहिल्या दिवशीच ‘दुरुस्त’ केली असती. बझकॉक्सने १९७७ च्या जानेवारीत उसन्या पैशांनी काढलेल्या ‘स्पायरल स्क्रॅच’च्या वेष्टनावर कोणतं गाणं कितव्या टेकचं आणि त्यावर मागाहून काही भरलंय का, हेही छापलं होतं. लपवाछपवीच नाही! आणि स्टूजेसच्या ‘रॉ पॉवर’चं भांडण तर अजून मिटलेलं नाही. १९७३ मध्ये डेव्हिड बोवीने केलेलं मिक्स लोकांना किरकिरं वाटलं. १९९७ मध्ये त्यांचा गायक इगी पॉप याने स्वतः बसून नवं केलं, ते इतकं चढं की फाटलं. त्यावर बरेच श्रोते पुन्हा बोवीच्या बाजूला गेले.

मागणाऱ्याचीही जबाबदारी असते. ‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला ‘छान’ हेच उत्तर येणार. ‘शब्द कळतात का?’, ‘शेवटी दमायला होतं का?’ असं विचार, म्हणून मी त्याला सांगितलं. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप तिला पिळून काढतं. जुनं आणि नवं मिक्स ऐकवताना दोन्हींची पातळी सारखी ठेव, कारण जे किंचित मोठं तेच कानाला बरं वाटतं. आणि उत्तर आल्यावर खुलासे देत बसू नकोस. गाणं ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या शेजारी तू बसणार आहेस थोडाच.

आता वाद उरलाय तो रेल्वेचा. आवाज रेकॉर्ड करताना घरामागून गाडी गेली आणि तिचा हॉर्न शेवटच्या ओळीवर बसला. तो नेमका गाण्याच्या पट्टीच्या अर्धा सूर वर आहे, मला टोचतो, आणि कुठे टोचतो ते मी सेकंदासकट लिहून पाठवलं. त्याने वाचलं, “बरं, काकी” म्हणाला आणि हॉर्न ठेवला.