खणा, पण सांगून खणा!

सकाळी खिडकी उघडावी तो समोरचा रस्ता नाहीसा झालेला असावा, हा अनुभव मुंबईकराला आता नवा राहिलेला नाही. रात्री जेथे मोटारी उभ्या होत्या तेथे पुरुषभर खोल चर, चराच्या काठी मातीचा ढिगारा, ढिगाऱ्यापलीकडे पत्र्यांची रांग आणि त्या रांगेच्या कडेने दुधाची पिशवी उंच धरून कसरत करणारे शेजारी! हे काय चालले आहे, असे मुकादमास विचारावे तर तो म्हणतो, ‘साहेबांना विचारा.’ साहेब जागेवर नसतात. विभाग कार्यालयात दूरध्वनी करावा तर रस्ते खाते जलखात्याकडे बोट दाखविते, जलखाते पर्जन्य जलवाहिन्यांच्या खात्याकडे, आणि अखेर असे निष्पन्न होते की, चर बहुधा विजेच्या केबलीसाठी असावा. ‘असावा’! ज्या खड्ड्यात उद्या एखाद्या वृद्धाचा पाय मोडणार आहे, त्याचे पितृत्वदेखील या शहरात कोणी निश्चित सांगू शकत नाही.

रस्ता खणला म्हणून आमची तक्रार नाही. खड्डे बुजवा म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षे आक्रोश केला, त्यांनीच रस्ता खणल्याबद्दल गळा काढावा, हा शुद्ध कांगावा ठरेल. मुंबईत सुमारे 2,050 किलोमीटर रस्ते आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांतील डांबरी रस्त्यांची काय चाळण होते हे सर्वांनी हाडांनी अनुभवलेले आहे. 19 जानेवारी 2023 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुमारे 400 किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचा आरंभ झाला. खर्चाचा अंदाज सुमारे 6,000 कोटी रुपयांचा होता. पुढे दुसऱ्या टप्प्यात आणखी 300 किलोमीटरहून अधिक रस्त्यांची भर पडली. काँक्रीटचा दर्जा तपासण्यासाठी मुंबईच्या आयआयटीतील तज्ज्ञ नेमण्यात आले, हे उत्तमच झाले. काँक्रीट कसोटीला लागते. रहिवाशांना दिलेली तारीख कसोटीला लावणारा मात्र कोणी नाही.

डांबराचा थर रात्री पसरून सकाळी त्यावरून बस धावू शकते. काँक्रीटचे तसे नाही. जुना रस्ता खोलवर उकरावा लागतो, खालच्या जलवाहिन्या, मलवाहिन्या आणि केबली सांभाळाव्या किंवा हलवाव्या लागतात, बाजूने पावसाच्या पाण्याची वाट करावी लागते, खडीचे थर दाबावे लागतात आणि मग वरची जाड लादी ओतली जाते. ती ओतल्यावरही काम संपत नाही. तिला पाणी पाजत बसावे लागते. पूर्ण ताकद येण्यास सामान्यतः 28 दिवस धरतात. रहिवाशाला यातले काहीच कोणी सांगत नाही. त्याला दिसते ते एवढेच की, रस्ता झाला, मजूर गेले, पत्रे मात्र जागच्या जागी! तो म्हणतो, कंत्राटदार पळाला. वस्तुतः लादीवर ओली गोणपाटे अंथरलेली असतात आणि ती ओली ठेवणे हेच त्या दिवसांतले काम असते. (खरोखर अंग काढून घेणारे कंत्राटदारही असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. शहर विभागातील पहिल्या टप्प्याचे कंत्राट तर काम हलेना म्हणून नोव्हेंबर 2023 मध्ये रद्द करावे लागले.) दोन्ही प्रसंगी बाहेरून दिसणारे दृश्य एकच; म्हणूनच खरे काय ते सांगणे अगत्याचे आहे.

नागरिकाला तरी हवे काय असते? कंत्राटाची रक्कम आणि निविदेचा क्रमांक त्याला फारसा नको असतो. काम आपल्या फाटकासमोर कोणत्या दिवशी येणार, त्यापूर्वी मोटार बाहेर काढून किती दिवस अन्यत्र ठेवावी लागेल, नळाचे पाणी कोणत्या वेळी बंद राहील, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणाऱ्या आजोबांसाठी रुग्णवाहिका कोठपर्यंत येऊ शकेल, शाळेची बस कोणत्या नाक्यावर थांबेल आणि रात्री अकरा वाजता चरात पाणी भरू लागले तर कोणाला उठवायचे, एवढे त्याला कळले म्हणजे पुरे. मुदत टळली तर तेही सांगावे. ‘खाली नकाशात नसलेली जुनी वाहिनी सापडली, आठ दिवस अधिक लागतील’, असे एक वाक्य फलकावर लिहिले तर समजूतदार माणूस कुरकुरत का होईना, ते आठ दिवस काढतो. त्याला खरा संताप येतो तो फलकावरील तारीख उलटून महिना गेला तरी तीच तारीख निर्लज्जपणे तेथे लटकत राहते तेव्हा.

नकाशात नसलेली वाहिनी सापडते हे खोटे नव्हे. या शहराच्या पोटात दीडशेहून अधिक वर्षांचा संसार गाडलेला आहे. विहार तलावाचे पाणी 1860 मध्ये नळाने शहरात आले, तानसाचे 1892 मध्ये. गॅसच्या दिव्यांच्या नळ्या आल्या, विजेच्या केबली आल्या, टेलिफोनच्या तारा आल्या, आणि आमच्या पिढीत स्वयंपाकाचा गॅस व इंटरनेटचे तंतू आले. प्रत्येकाने आपापल्या काळी खणले, आपले ठेवले आणि माती लोटून दिली. 31 मार्च 1964 रोजी मुंबईची शेवटची ट्राम धावली. तिचे रूळ फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराच्या वेळी जमिनीखाली सापडले. अनेक वस्त्यांत कोणती झडप कोणत्या गल्लीचे पाणी बंद करते हे निश्चित ठाऊक असलेला एकच माणूस असतो, तो म्हणजे पालिकेचा जुना चावीवाला. तो निवृत्त झाला की नकाशाच निवृत्त होतो!

या अज्ञानाची किंमत केवढी असते, हे 30 नोव्हेंबर 2023 रोजी पश्चिम उपनगरांनी अनुभविले. अंधेरीस सीप्झजवळ मेट्रोचे काम चालू असताना वेरावली जलाशयाशी संबंधित 1,800 मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली आणि लक्षावधी लोकांना काही दिवस हंडे घेऊन टँकरमागे धावावे लागले. हे सर्व देशाचेच दुखणे आहे. केंद्र सरकारने 22 मार्च 2023 रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले, तेव्हा असमन्वित खोदाईने वर्षाला सुमारे 3,000 कोटी रुपयांची हानी होते, असा हिशेब सरकारनेच दिला होता. खणणाऱ्याने आधी कळवावे आणि ज्याची वाहिनी खाली आहे त्याने सावध करावे, अशी ती योजना. योजना चांगली आहे. परंतु तिच्यात बोलतात ते खणणारा आणि वाहिनीचा मालक. ज्याच्या दारात हे सारे घडते तो तिसरा माणूस त्या संवादात कोठेच नाही.

आणि येथे प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. 29 ऑगस्ट 2017 च्या अतिवृष्टीत मुंबईतील एक नामांकित वैद्य घरी चालत जात असता पाण्याखाली गेलेल्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून प्राणास मुकले. तुंबलेले पाणी वाहून जावे म्हणून त्याचे झाकण काढण्यात आले होते. ते काढणाऱ्यांच्या मनात कोणाचा जीव घेण्याचे नव्हते. पण तेथे भोक आहे हे पुढून येणाऱ्यास कळविण्याची काहीही व्यवस्था नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने 13 ऑक्टोबर 2025 रोजी, खड्डे किंवा उघडी मॅनहोले यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये आणि जखमींना 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी, असा आदेश दिला. सुरक्षित रस्ता हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयास सांगावे लागले. पुढे काय आहे ते वेळेवर कळणे हा त्याच सुरक्षिततेचा भाग नव्हे काय?

कोणी म्हणेल, 2025 साली पालिकेने रस्त्यांच्या कामांची माहिती संकेतस्थळावर ठेवली आहे, आणखी काय हवे? त्या उपक्रमाचे आम्ही स्वागत करतो. परंतु संकेतस्थळ हे जो शोधावयास येईल त्याच्यासाठी असते. चर मात्र न शोधताच दारात येतो. चाळीतल्या ज्या आजीबाई रोज भाजीला त्याच फळीवरून जातात त्यांच्यासाठी मराठीत, मोठ्या अक्षरांत, नाक्यावर लावलेला आणि दर आठवड्याला बदललेला फलकच हवा. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातील चौथे कलम, प्रशासनाने मागण्यापूर्वीच माहिती प्रसिद्ध करावी, असेच सांगते. शिवाय एक गोष्ट विसरता येत नाही. मार्च 2022 मध्ये पालिकेची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षे या शहराला नगरसेवक नव्हता. मुंबईच्या अलीकडील इतिहासातील सर्वांत मोठी खोदाई झाली ती नेमकी याच काळात, जेव्हा बाही धरून जाब विचारावा असा माणूसच कोपऱ्यावर उरला नव्हता.

आधी सांगितले तर लोक अडथळे आणतील, ही भीती अधिकारीवर्गात आहे. ती आम्हांस मान्य नाही. लंडनमध्ये 2012 पासून प्रमुख रस्त्यांवर वर्दळीच्या वेळी खणणाऱ्याकडून दिवसाला 2,500 पौंडांपर्यंत भाडे घेतले जाते आणि काम कोणाचे आहे हे सांगणारा फलक लावणे तेथे बंधनकारक आहे. त्यामुळे लंडनमधील खोदाई बंद पडलेली नाही; रेंगाळणे मात्र महाग झाले.

तथापि दोष एकट्या पालिकेच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. रस्त्याचे काम होण्यापूर्वी आपल्या इमारतीची गळकी नळजोडणी बदलून घ्या, अशी सूचना आली की आमच्या कित्येक गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी ती कपाटात ठेवतात, आणि नवी लादी वाळते न वाळते तोच रात्री गुपचूप माणसे आणून ती फोडतात. डांबरी रस्त्याला ठिगळ लावता येते. काँक्रीटची लादी एकदा कापली की सांध्यातून पाणी मुरते, आणि कोट्यवधींचा तो रस्ता नव्याने जुना होतो.

पावसाळ्यापूर्वी थांबलेल्या कुदळी साधारणतः ऑक्टोबरात पुन्हा पडू लागतात. त्याआधी प्रत्येक विभाग कार्यालयाने आपल्या हद्दीत कोणता रस्ता, कोणत्या खात्याकडून, कोणत्या तारखेस खणला जाणार याची यादी दारावर लावावी. तिच्याखाली जबाबदार अभियंत्याचे पद आणि दिवसरात्र उचलला जाणारा दूरध्वनी क्रमांक द्यावा. आणि तारीख बदलली तर जुनी खोडून नवी कारणासह लिहावी. सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात आमचे प्रतिनिधी या कार्यालयांच्या दारांशी जातील. यादी कोठे लागली आणि कोठे नाही, हे त्याच आठवड्यात याच पानावर छापले जाईल.