दुधाच्या रांगेत मालक कोण?

सहकार हा शब्द काढला की आपल्या वस्तीतली जाणती माणसे हसतात. त्यांचे हसणे खोटे नाही. साखर कारखान्याचा सभासद कोण, तर ज्याच्या शेतात ऊस आहे तो. ज्याच्या हातात फक्त कोयता आहे त्याला टनावर मजुरी. कारखाना सहकारी, चेअरमनची गाडी सहकारी, आणि आपला माणूस मात्र पाचटाच्या खोपीत. म्हणून सहकार म्हणजे जमीनवाल्यांचा कारभार, हे आपल्या मनात पक्के बसले आहे. पण या हिशेबात सरळ न बसणारी एक संस्था शेजारच्या गुजरातेत आहे. तिचे लोणी आपण पावाला लावतो. अमूल. तिचा जमाखर्च आज आपण नीट तपासू.

ही गोष्ट सुरू झाली ती मुंबईमुळे. १९४५ साली मुंबई सरकारने शहराला दूध पुरवण्याची योजना काढली. दूध येणार खेडा जिल्ह्यातून, सव्वाचारशे किलोमीटरवरून, आणि ते गोळा करण्याचा मक्ता आणंदच्या पोल्सन डेअरीला. मुंबईचे गिऱ्हाईक पैसे मोजत होते, पण ते म्हशीच्या धन्यापर्यंत पोचत नव्हते. मध्ये डेअरी आणि तिचे दलाल. शेतकरी वल्लभभाई पटेलांकडे गेले. त्यांनी सल्ला दिला की स्वतःची संस्था काढा, आणि सरकार तुमचे दूध घेत नसेल तर कुणालाच घालू नका. जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावी मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली. पंधरा दिवस खेडा जिल्ह्यातून मुंबईला दूध गेले नाही. सरकार नमले. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष. गावच्या संस्था दोन आणि दूध दिवसाला सुमारे २४७ लिटर.

संप आपल्याला नवा नाही. १९८२ चा गिरणी संप ज्यांच्या घरातून गेला त्यांना काय सांगावे? पण फरक ध्यानात घ्या. गिरणीचा संप जिंकला असता तरी गिरणी मालकाचीच राहिली असती. खेड्याच्या संपातून दूधवाल्यांची स्वतःची संस्था उभी राहिली.

१९४९ साली केरळचे व्हर्गीस कुरियन आणंदला आले आणि तिथलेच झाले. ते स्वतःला शेतकऱ्यांचा नोकर म्हणवीत. हिवाळ्यात म्हशी जास्त दूध देतात आणि मुंबई ते सगळे उचलत नसे. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही, असे परदेशी तज्ज्ञ ठामपणे सांगत. एच. एम. दलाया या इंजिनिअरने ती करून दाखवली. १९५५ साली पंडित नेहरूंच्या हस्ते कारखाना सुरू झाला आणि हिवाळ्यातले दूध नाकारण्याचे कारण उरले नाही. सभासदाच्या दृष्टीने ‘तुझे दूध आज नको’ हे वाक्य बंद होणे, हीच खरी क्रांती.

आता हिशेबाचा भाग. गावात संस्था, जिल्ह्याला संघ, राज्याला महासंघ. हा महासंघ १९७३ साली झाला. गावच्या संस्थेत जनावर असलेला कोणीही सभासद होऊ शकतो. मत एकच, एक म्हैस असो वा दहा. गावचे अध्यक्ष जिल्हा संघाचे संचालक निवडतात. फॅट तपासून दूध मोजायचे, त्याप्रमाणे दर द्यायचा, वर्षाअखेर नफा उरला तर दरफरक वाटायचा. गिऱ्हाइकाच्या रुपयातले ८० पैसे किंवा अधिक दूधवाल्याकडे जातात, असे अमूल सांगते. कोणती खासगी कंपनी आपल्या माल पुरवणाऱ्याला रुपयातले ८० पैसे देते? आम्ही वाणिज्य शिकलो त्या पुस्तकांत तरी असे उदाहरण नव्हते.

आणि येथे जमिनीची अट नाही. उसाच्या कारखान्यात आणि दुधाच्या संस्थेत हा मोठा फरक.

पण आपल्यासाठी याहून मोठी गोष्ट दुसरीच आहे. आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला मेलेले ढोर आले. दुभते ढोर दुसऱ्यांच्या गोठ्यात. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला निक्षून सांगितले आणि आपल्या लोकांनी ते सोडले. मात्र कोणी पोट मारून म्हैस घेतली तरी आपल्या घरचे दूध गावात कोण घेणार? चहाचा कप ज्याचा वेगळा, त्याच्या चरवीतले दूध कोणाच्या घशाखाली उतरणार? संस्थेच्या रांगेत जो आधी आला तो आधी, आणि सगळ्यांचे दूध एकाच कॅनमध्ये. कॅनमध्ये गेल्यावर ते कोणत्या वस्तीतले हे लॅक्टोमीटरला कळत नाही. रांगेतल्या या बदलाबद्दल कुरियन आवर्जून बोलत.

श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६) ज्यांनी पाहिला असेल त्यांना भोला आठवेल. नसिरुद्दीन शाह, आपल्या स्मिता पाटील, पटकथा विजय तेंडुलकरांची. पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून हा चित्रपट काढला. त्यात संस्थेच्या निवडणुकीत सरपंच हरतो, दलित उमेदवार जिंकतो, आणि मग दलितवाडा पेटतो. दूध उत्पादकांच्याच पैशातून निघालेल्या चित्रपटाने हे लपवले नाही, याचे आम्हाला कौतुक वाटते. खेडा हा पाटीदारांचा मुलूख. एक माणूस एक मत हा नियम चांगलाच, पण गावाची सत्ता कुणाच्या हाती हे एकटा नियम ठरवत नाही. बाबासाहेबांनी खेड्यावर विश्वास ठेवला नाही तो उगाच नाही.

१९६४ साल पाहा. ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणंदजवळच्या अजरपुरा गावी मुक्कामाला राहिले. पाहिलेले पटले, म्हणून १९६५ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ झाले आणि १९७० पासून दुधाची ‘महापूर’ योजना देशभर गेली. त्याच १९६४ साली, ६ डिसेंबरला, कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. मागणी पडीक जमिनीची. लाखो माणसे तुरुंगात गेली. पंतप्रधान तेच. दूधवाल्यांना मंडळ मिळाले. भूमिहीनांना काय मिळाले ते आपण जाणतोच. म्हशीला चारा लागतो, आणि आपला चारा त्या जमिनीत होता.

१९१८ सालच्या निबंधात बाबासाहेबांनी लिहिले होते की जमिनीचा तुकडा लहान की मोठा एवढाच प्रश्न नाही. त्यावर लावायला भांडवल आणि साधने किती, हा खरा प्रश्न. म्हशीलाही तेच लागू. १९८० नंतर एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात आपल्या कितीतरी कुटुंबांना कर्जावर म्हैस मिळाली. म्हैस मिळाली, पण चारा नाही, डॉक्टर नाही, रोज दूध घेणारी संस्था नाही. म्हैस आटली, विकली किंवा मेली, आणि बँकेची नोटीस दाराशी आली. आणंदच्या बाईकडेही म्हैसच होती. तिच्या मागे मात्र खुराकाचा कारखाना, जनावरांचा डॉक्टर आणि सकाळ-संध्याकाळ उघडणारे केंद्र होते.

आज अमूलचे सुमारे ३६ लाख सभासद आहेत आणि महासंघाची २०२३-२४ ची उलाढाल सुमारे ५९ हजार कोटी रुपये होती. मार्च २०२४ मध्ये अमूलने अमेरिकेत ताजे दूध विकायला सुरुवात केली, तेही मिशिगनच्या शेतकऱ्यांच्या शंभर वर्षे जुन्या सहकारी संस्थेबरोबर. अभिमान वाटावा असेच आहे. पण ते दूध अमेरिकेतल्या गाईंचे, नाव आणि कृती अमूलची. धंदा जगभर गेला की खेड्यातल्या म्हशीवालीच्या पासबुकात किती उतरते, हे विचारायचा हक्क तिला आहे, कारण ती मालक आहे. अर्थात पासबुक तिच्या नावावर असेल तर. शेण काढते ती, धार काढते ती, आणि सभासदाच्या रकान्यात नवऱ्याचे नाव, हा प्रकार गुजरातेत आहे तसाच आपल्याकडेही आहे.

महाराष्ट्रात सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. ज्यांचे नातेवाईक गावाकडे दूध घालतात त्यांनी त्यांना विचारावे की तुम्ही सभासद आहात की नुसते दूध घालणारे, आणि अहवालाची प्रत मिळाली का? ताळेबंद आणि दरफरकाचा तक्ता वाचता येत नसेल तर घेऊन या. रविवारी वंदना झाल्यावर आम्ही आणि मंडळातली दोन बी.कॉम.ची मुले विहारात बारा वाजेपर्यंत बसतो.